ओल्ड-फॅशन्ड: तुकडे किती, जोर कुठं?

वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

यावेळी चार पत्रं घेतोय. पहिल्यालाच जास्त जागा गेली, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न (पारोळ्याहून एक वाचक): सर नमस्कार. माझी मुलगी अकरावीला आहे. क्लासच्या टेस्टमध्ये 'ओल्ड-फॅशन्ड' या शब्दाचे सिलॅबल पाडा आणि स्ट्रेस दाखवा असं आलं होतं. तिने चार तुकडे केले, ओल्ड, फॅ, श, नेड, आणि जोर ओल्डवर दाखवला. क्लासच्या सरांनी दोन्ही चूक दिलं, म्हणाले तुकडे तीन आणि जोर फॅवर. आता पोरगी मोबाईलवर एका इंग्लंडच्या बाईंचा व्हिडिओ दाखवते, त्यात त्या 'ॲन ओल्ड-फॅशन्ड किचन' म्हणतात आणि जोर सरळसरळ ओल्डवरच ऐकू येतो. दोन दिवस घरात हाच विषय, तिची आजी म्हणते "माले काही समजनं नही, पन पोर रडी ऱ्हायनी". मार्क गेले तर गेले, खरं काय ते सांगा.

उत्तर: भाऊ, आधी आजीला सांगा की पोर अर्धी बरोबर आहे आणि सरही बरोबर आहेत आणि ती व्हिडिओतली बाई तर बरोबर आहेच. तुकड्यांच्या बाबतीत मात्र पोरीचं चुकलं, ते आधी उरकून टाकू.

सिलॅबल म्हणजे अक्षर नाही, इथंच आपल्याकडे निम्मी पोरं पडतात. मी वर्गात असताना हे शिकवायला इंग्रजी शब्द घ्यायचोच नाही, सुरत-भुसावळ लाईनवरची स्टेशनं घ्यायचो. जळगाव लिहायला अक्षरं किती? चार. बोलायला तुकडे किती? जळ·गाव, दोनच. कारण ळ मधला अ आपण गिळून टाकतो. अमळनेर लिहायला पाच, बोलायला अ·मळ·नेर तीन. धरणगाव तीन, नरडाणा तीन, नंदुरबार नं·दुर·बार तीन, आणि दोंडाईचा दों·डा·ई·चा असे चार. एक स्वर वाजला की एक तुकडा, लिहिलेलं किती का असेना. पोरं गाडीत बसल्यासारखी टाळ्या वाजवत स्टेशनं म्हणायची, आणि शेजारच्या वर्गातले सर येऊन विचारायचे की इंग्रजीचा तास आहे का भजनाचा. हनुवटीखाली हात धरून, जबडा किती वेळा खाली येतो ते मोजायची पण एक युक्ती आहे, पण ती बारीक स्वरांना फसते, मला टाळीच आवडते. आणि हे काम डोळ्याचं नाही, कानाचं आहे, आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं तरी ओवीचं माप कुठं चुकलं का त्यांचं.

आता ओल्ड-फॅशन्ड. टाळ्या वाजवा: ओल्ड·फॅ·शन्ड. तीन. चौथी टाळी पोरीने आणली कुठून, तर शेवटच्या 'एड' मधून, स्पेलिंगमध्ये ई दिसला की आपण तो वाजवतो. इंग्रजीत तो बहुतेक वेळा मुका असतो. नियम सोपा आहे आणि आयुष्यभर पुरतो: 'एड'च्या आधीचा आवाज ट किंवा ड असेल तरच तो वेगळा सिलॅबल होतो आणि 'इड' असा वाजतो. म्हणून ॲबसेंट-माइंडेड चे तुकडे ॲब·सन्ट·माइन·डिड असे चार, काइंड-हार्टेड चे तीन, शॉर्ट-सायटेड चे तीन. बाकी ठिकाणी फक्त एक ड नाहीतर ट मागे चिकटतो, तुकडा वाढत नाही, वेल-ड्रेस्ट दोन, हाफ-बेक्ट दोन, बॅड-टेम्पर्ड तीन, ओल्ड-फॅशन्ड तीन. हे 'वेल-ड्रेसेड' आणि 'डेव्हलपेड' म्हणणं आपल्याकडे इतकं मुरलंय की मुलाखतीला गेलेला पोरगा बाकी फाडफाड बोलतो आणि एका 'एड'ने पकडला जातो.

काही हट्टी शब्द या नियमाला जुमानत नाहीत. नेकिड, विकिड, रगिड, यांत ट-ड नसताना पण वेगळा तुकडा वाजतो. आणि एक गंमत बघा, म्हाताऱ्या माणसाला 'ॲन एजिड मॅन' म्हणतात, एजिड दोन तुकड्यांचा, पण मध्यमवयीन म्हटलं की मिडल-एज्ड, तिथं तोच शब्द एका तुकड्याचा होतो.

एक शंका क्लासच्या सरांना येईल म्हणून आधीच सांगतो, तो श नक्की कुणाच्या वाट्याला जातो, फॅ·शन्ड की फॅश·अन्ड? यावर डिक्शनऱ्यांचं एकमत नाही. एक बाजू म्हणते दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्याला द्या. दुसरी म्हणते, फॅ मधला स्वर आखूड आहे आणि त्यावर जोर आहे, असा तुकडा उघडा राहत नाही, तो श स्वतःकडे ओढतो. आपला मराठी कान पहिल्या बाजूचा. परीक्षेत दोन्ही चालायला हवेत, आकडा तीन आला म्हणजे झालं. आणि अमेरिकन डिक्शनरीत मुख्य शब्दाच्या पोटात जे ठिपके दिसतात ते उच्चाराचे समजू नका, ते ओळ संपली तर शब्द कुठं तोडायचा त्यासाठी असतात, अख्खी बॅच यात फसलेली मी पाहिली आहे.

आता मुख्य भांडण, जोर. खूण समजावी म्हणून जोराच्या तुकड्याच्या आधी मी एक छोटी ' अशी रेघ देतो.

शब्द एकटा असला किंवा वाक्याच्या शेवटी आला तर जोर दुसऱ्या अर्ध्यावर: 'द किचन इज ओल्ड-'फॅशन्ड'. सरांचं उत्तर ते. पण त्याच्या पुढे लगेच नाम आलं, आणि त्या नामाचा स्वतःचा जोर पहिल्या तुकड्यावर असला, की विशेषणाचा जोर मागे सरकतो: 'ॲन 'ओल्ड-फॅशन्ड 'किचन'. बाईंचं उत्तर ते. शब्द तोच, अर्थ तोच, जोर मात्र शेजारी कोण बसलंय ते बघून जागा बदलतो.

का सरकतो? धुळे रोडवर एखाद्या गावाजवळ दोन स्पीडब्रेकर पाठोपाठ टाकलेले असतात ना, पहिल्यावरून गाडी उतरते न उतरते तोच दुसरा, आणि मागच्या सीटवरचा माणूस छताला लागतो. इंग्रजीच्या जिभेला तसले लागोपाठचे ब्रेकर सहन होत नाहीत. 'फॅ' वर एक आणि पुढच्या 'कि' वर दुसरा, अंतर कमी पडतं, मग ती पहिला ब्रेकर उचलून मागे ओल्डवर नेऊन ठेवते. ओल्डवर तशीही अर्ध्या जोराची जागा असतेच, कोरी जमीन नसते ती, म्हणून सरकवणं जमतं. जिथं शब्दाच्या पहिल्या भागात अर्धा जोरसुद्धा नाही तिथं सरकायला जागाच नाही.

हे फक्त ओल्ड-फॅशन्डचं नाही. ही इज वेल-'नोन, पण अ 'वेल-नोन 'ॲक्टर. द कार इज सेकंड-'हँड, पण अ 'सेकंड-हँड 'कार. वर्ल्ड-'फेमस, ब्रँड-'न्यू, पार्ट-'टाइम, ड्यूटी-'फ्री, गुड-'लुकिंग, हँड'मेड, सगळे याच जातीचे, एकटे असताना दुसऱ्या अर्ध्यावर जोर, पुढे जोराचं नाम आलं की पहिल्या अर्ध्यावर. जोडशब्दच असावा असंही नाही, बसस्टँडसमोर लाल अक्षरातली गाडी लागते ती, चाय'नीज, एकटं म्हणा तर जोर नीजवर, पण 'चायनीज 'फूड म्हटलं की चायवर आला. आपला गाडीवाला एकटं असताना पण 'चायनीज'च म्हणतो, त्याला माफ आहे, त्याचं मंचुरियन चांगलं असतं.

मग पोरीला अर्धे मार्क का नाहीत? प्रश्नपत्रिकेत शब्द एकटाच दिला होता म्हणून. एकट्या शब्दाचं डिक्शनरीतलं उत्तर ओल्ड-'फॅशन्डच. पण मी पेपर काढला असता तर अख्खं वाक्य दिलं असतं, कारण या जातीच्या शब्दांना नुसता जोर विचारणं म्हणजे माणूस कुठं बसतो ते विचारणं आणि कुणाच्या घरी ते न सांगणं. लाँगमनच्या डिक्शनरीत अशा सरकणाऱ्या शब्दांपुढे एक छोटा त्रिकोण देतात, मागे तोंड केलेला, म्हणजे 'हा जोर मागे जाऊ शकतो बरं का' अशी सूचना. पोरीला तो त्रिकोण दाखवा, आणि शक्य असेल तर सरांनाही, पण प्रेमाने.

सगळेच जोड विशेषणं सरकतात असं मात्र नाही. 'होमसिक, 'वॉटरप्रूफ, 'एअरटाइट, 'केअरफ्री यांचा जोर मुळातच पहिल्यावर आहे, तो पुढे नाम येवो न येवो तिथंच बसून राहतो. मोठमोठी माणसं सांगतात की मधे रेघ न देता एकत्र लिहिला तर जोर पहिल्यावर, मीही काही वर्षं हेच शिकवलं, मग एके दिवशी हँडमेड समोर आलं, एकत्र लिहितात आणि जोर मेडवर, तेव्हापासून मी तो नियम सांगणं बंद केलं. डिक्शनरी उघडणं हाच नियम. उघडल्यावर एवढं बघा की जोराची वरची रेघ तुकड्याच्या आधी असते, डोक्यावर नाही, आणि खालची रेघ म्हणजे अर्धा जोर. काही अमेरिकन डिक्शनऱ्या खूण तुकड्याच्या नंतर देतात, त्या वापरत असाल तर सगळं एक घर पुढे वाचलं जाईल. डॅनियल जोन्स या लंडनच्या प्राध्यापकाने उच्चारांची डिक्शनरी काढली ती १९१७ साली, म्हणजे शंभर वर्षांवर झाली, आणि आपण अजून वहीत जोराची खूण अनुस्वारासारखी डोक्यावर देतोय.

शेवटचं एक, कारण पत्राच्या खाली तुम्ही लिहिलंय की मराठीत असलं काही नसतं. असतं हो. आचार्यास आणि आचाऱ्यास म्हणून बघा. पहिल्यात चा वर र् आपटतो, आ·चार्·यास, नमस्कार गुरूंना. दुसऱ्यात र् पुढे निसटतो, आ·चा·ऱ्यास, नमस्कार वांग्याचं भरीत करणाऱ्याला. दर्या आणि दऱ्या तसंच, एकात समुद्र, एकात सातपुडा. तुकडा कुठं पडतो यावर अर्थ बदलतो आणि हे आपल्याला चौथीपासून येतं. आपल्याकडे नसतं ते जोराचं ओझं, आपल्याला ठासून सांगायचं तर आपण 'च' लावतो, मीच, आजच, तूच, इंग्रजाकडे 'च' नाही म्हणून तो बिचारा आवाज चढवतो.

प्रश्न (रावेर तालुक्यातून, केळी पॅकिंगचं काम करणारा तरुण): दादा, आमची केळी गल्फला जाते. फोनवर मी 'थर्टीन-किलो बॉक्स' म्हणतो आणि समोरचा दरवेळी 'थर्टी? थर्टी?' करतो. माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का? आणि किलो की किलोज?

उत्तर: वाईट नाही रे भाऊ, उलट तुझं इंग्रजी नको तेवढं बरोबर आहे म्हणून घोळ होतोय! वरचं उत्तर वाचलं असशील तर बघ. थर·'टीन एकटा असताना जोर टीनवर, आणि 'थर·टी चा जोर नेहमी थरवर, दोघांत गल्लत व्हायचं कारण नाही. पण पुढे 'किलो आला, त्याचा जोर पहिल्यावर, म्हणून थर्टीनचा जोर सरकून थरवर गेला: 'थर्टीन-'किलो 'बॉक्स. आता थर्टीन आणि थर्टी दोघांचा जोर एकाच जागी, फरक उरला तो फक्त शेवटच्या न चा आणि ई च्या लांबीचा, आणि फोनची लाईन, मागे ट्रक चालू, हमालांचा आवाज, त्यात तो न कुठला ऐकू येतोय. फोर्टीन-फोर्टी, फिफ्टीन-फिफ्टी सगळ्यांचं हेच दुखणं. ओळीने मोजताना सुद्धा, 'थर्टीन, 'फोर्टीन, 'फिफ्टीन, इंग्रज माणूसही जोर पहिल्या तुकड्यावरच घेतो.

उपाय दोन. एक, आकडा वाक्याच्या शेवटी टाक म्हणजे पुढे नाम नाही आणि जोराला सरकायचं कारण नाही: 'नेट वेट इन किलोज, थर'टीऽन', टीन लांबव आणि न वर जीभ टाळूला चिकटवून थांब. दोन, हिशेबाची बाब असली तर लाजू नकोस, 'वन-थ्री, थर्टीन' असं म्हण, विमानतळावरची माणसं पण आकडे सुटे करूनच सांगतात. तेराच्या जागी तीस ऐकून समोरच्याने ऑर्डर काढली तर जोराचं व्याकरण कुणी ऐकून घेणार नाही, बॉक्स तर भरलेला असतो. अमेरिकन माणूस असेल तर आणखी एक फरक मिळतो, तो थर्टीला 'थर्डी' सारखं मऊ म्हणतो आणि थर्टीनमधला ट कडक ठेवतो.

किलोचं विचारलंस ते छान. आकडा आणि माप मिळून नामाच्या आधी विशेषण झालं की माप एकवचनी: थर्टीन-किलो बॉक्स, टेन-रुपी नोट, फाइव्ह-इयर-ओल्ड चाइल्ड. सुटं असलं की अनेकवचन: इट वेज थर्टीन किलोज. आणि तुमच्या बोर्डवर 'फर्स्ट-क्लास बनानाज' लिहिलंय असं सांगतोस, तर तोंडाने म्हणताना फर्स्ट-क्लास ब'नानाज, बनानाचा जोर मधल्या ना वर, आपण तिन्ही तुकडे सारखेच ठोकतो म्हणून ते गाऱ्हाण्यासारखं वाटतं.

प्रश्न (धुळ्याहून डीटीपी करणारे वाचक): इंग्रजी पत्रिका, माहितीपत्रकं लावताना वेल-नोन, ओल्ड-फॅशन्ड असले शब्द ओळीच्या शेवटी तुटतात. कुठं तोडायचे?

उत्तर: जिथं आधीच रेघ आहे तिथंच. वेल- वर आणि नोन खाली. ओल्ड-फॅश- वर आणि उरलेलं खाली असं केलं की एका शब्दात दोन रेघा होतात, वाचणारा गोंधळतो. सॉफ्टवेअर आपोआप तोडतं म्हणून सोडू नका, एकदा नजर फिरवा. रेघ कधी द्यायची याचं थोडक्यात: नामाच्या आधी वेल-नोन पोएट, रेघेसकट, नामानंतर द पोएट इज वेल नोन, रेघ नको. ओल्ड-फॅशन्डची रेघ मात्र दोन्हीकडे राहते. आणि 'न्यूली बिल्ट' सारखं पहिल्या शब्दाच्या शेवटी 'ली' असेल तर रेघ नकोच, वास्तुशांतीच्या पत्रिकेत ही चूक मला इतक्यांदा दिसली आहे की आता मी जेवणाकडे लक्ष देतो.

प्रश्न (नवापूर तालुक्यातील शिक्षिका): सर, मी आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. दोन छोटे प्रश्न. 'इंग्लिश टीचर' म्हणताना जोर कुठं? आणि २६ जानेवारीला पोरांची तीन पायांची शर्यत असते, माईकवरून 'थ्री-लेग्ड' म्हणायचं की 'थ्री-लेगेड'? मागच्या वर्षी स्टेजवरच दोघांत वाद झाला.

उत्तर: ताई, 'इंग्लिश टीचर म्हणा, जोर पहिल्यावर, म्हणजे इंग्रजी शिकवणारी. जोर टीचरवर नेला, इंग्लिश 'टीचर, तर अर्थ होतो इंग्लंडहून आलेली टीचर, आणि मग नवापुरात लोक तुम्हाला बघायला येतील. एकीत विषय सांगितलाय, दुसरीत माणसाचा देश, लिहिताना दोन्ही सारखंच, फरक फक्त आवाजात.

शर्यतीचं म्हणाल तर हा त्याच हट्टी शब्दांपैकी, लेगच्या शेवटी ट-ड नाही, तरी जुन्या रीतीने तो लेगिड असा दोन तुकड्यांचा वाजतो. एका तुकड्याचं लेग्ड म्हणणारेही आहेत, पण या शर्यतीच्या नावात लेगिडच जास्त ऐकू येतं. 'लेगेड' मात्र दोघांपैकी कुणाचंच नाही. एकटा शब्द असेल तर थ्री-'लेगिड, पण पुढे रेस आहे, एकाच तुकड्याची, पूर्ण जोराची, म्हणजे ब्रेकर समोरच उभा आहे. तेव्हा माईकवरून: 'थ्री-लेगिड 'रेस. जोर थ्री वर, लेगिड पटकन खाली, आणि रेसवर शिट्टी.